पेपोसो : एका रश्श्याची आख्यायिका

मोठ्या इमारतींच्या पायाशीं आख्यायिका सांपडावयाच्याच. कोठें पायांत माणसाचा बळी दिल्याचें सांगतात, कोठें देवांनीं एका रात्रींत देऊळ उभें केलें म्हणतात. अशा कथांत अन्नाचा संबंध मात्र क्वचितच येतो. इमारत कोणी बांधविली तें शिलालेखावर कोरलें जातें. ती बांधणाऱ्यांनीं दुपारच्या सुटींत काय खाल्लें, हें कोणी कोरून ठेवीत नाहीं. म्हणूनच इटलींतील फ्लॉरेन्स शहराच्या महामंदिरावरील घुमटाशीं जी एका रश्श्याची कथा जोडली गेली आहे, ती आम्हांस विचार करण्याजोगी वाटते. त्या रश्श्याचें नांव पेपोसो. इटालियन भाषेंत ‘पेपे’ म्हणजे मिरें. तेव्हां पेपोसो म्हणजे मिऱ्यांनीं झणझणीत केलेलें कालवण, असा अर्थ सरळच निघतो.

आरंभींच एक खुलासा केलेला बरा. हा पदार्थ बैलाच्या मांसाचा असून तो मद्यांत शिजवितात. आमच्या बहुतेक वाचकांच्या घरीं तो होण्यासारखा नाहीं, आणि तो करून पाहावा असा आमचा आग्रहही नाहीं. परंतु इतिहासाच्या अभ्यासाला सोंवळें-ओंवळें पाळून चालत नाहीं. ज्या समाजाचा इतिहास पाहावयाचा, त्याच्या चुलीपाशीं बसल्याखेरीज तो पुरता कळत नाहीं.

पेपोसोची कृति अगदीं साधी आहे. जनावराच्या पायाच्या पोटरीचें निबर मांस घेऊन त्याचे मोठाले तुकडे करावयाचे. मातीच्या भांड्यांत ते रचून त्यांवर लसणाच्या पाकळ्या, भरडलेलीं काळीं मिरीं आणि मीठ घालावयाचें. आणि मांस बुडेल इतकें तांबडें द्राक्षमद्य ओतून झांकण ठेवावयाचें. एक किलो मांसास पाऊण लिटरची मद्याची एक बाटली, लसणाच्या दहाबारा पाकळ्या आणि चमचाभर किंवा त्याहूनही अधिक मिरीं, असें आजचें सामान्य प्रमाण आहे. जुन्या पद्धतींत तेल नाहीं, कांदा नाहीं, मांस आधीं परतून घेणेंही नाहीं. यानंतर स्वयंपाक्याचें काम संपतें आणि विस्तवाचें सुरू होतें. तीन-चार तास, आणि भट्टीजवळ ठेवल्यास त्याहूनही अधिक वेळ, तें भांडें मंद आंचेवर राहतें. निबर मांसांत तंतूंना बांधून ठेवणारें एक चिवट द्रव्य असतें. मंद उष्णतेंत बराच वेळ राहिलें म्हणजे तें विरघळून त्याचा सरसासारखा दाट रस होतो. मद्याची आंबटाई त्या कामीं थोडेंबहुत साहाय्य करते. जें मांस तासाभरांत चावतां येत नाहीं, तेंच चार तासांनीं चमच्यानें तुटतें. हा रस्सा तिकडे बिनमिठाच्या पावाबरोबर खातात. कारण टस्कनी प्रांतांतील पाव अळणीच असतो.

आतां आख्यायिका पाहूं. फ्लॉरेन्सचें महामंदिर बांधून होत आलें, पण मधल्या अष्टकोनी पोकळीवर घुमट कसा चढवावा हें कोणास सुचेना. ती पोकळी सुमारें ४५ मीटर रुंद, आणि घुमटाचा आरंभच मुळीं जमिनीपासून पन्नास मीटरांहून अधिक उंचीवर व्हावयाचा. एवढ्या अवाढव्य कमानींना खालून लांकडी आधार देण्याची सोय नव्हती. फिलिप्पो ब्रुनेलेस्की या कारागिरानें तसा आधार न घेतांच, एकांत एक अशीं दोन कवचें योजून आणि विटांची मांडणी माशाच्या कांट्याप्रमाणें तिरकी करीत नेऊन, तें काम पार पाडलें. १४२० च्या ऑगस्टमध्यें सुरू झालेला घुमट १४३६ च्या ऑगस्टमध्यें पुरा झाला. त्यांत चाळीस लक्षांहून अधिक विटा लागल्या असा अंदाज सांगतात. फ्लॉरेन्सच्या दक्षिणेस थोड्या मैलांवर इम्प्रुनेता नांवाचें गांव आहे. तेथील माती कडक थंडींतही न फुटणाऱ्या भाजणीच्या कामाबद्दल प्रसिद्ध असून, तेथील भट्ट्यांतून घुमटाचीं कौलें आलीं असें मानतात. आख्यायिका अशी कीं, इम्प्रुनेताचे भट्टीवाले आपल्या भट्टीच्या तोंडाशीं मातीच्या भांड्यांत हा रस्सा शिजवीत. तेथें येणाऱ्या ब्रुनेलेस्कीस तो आवडला. आणि गवंड्यांनीं जेवावयास खालीं उतरून वेळ दवडूं नये म्हणून त्यानें तोच त्यांस घुमटावर पोंचविण्याची व्यवस्था केली.

कथा गोड आहे, आणि गोड कथेविषयीं सावध राहावें हें महाराष्ट्रांतील इतिहासाच्या वाचकाला नव्यानें सांगावयास नको. राजवाड्यांनीं अस्सल कागदाच्या चिटोऱ्यापुढें बखरीचा अधिकार थिटा ठरविला, तेव्हांपासून आपण प्रत्येक रम्य कथेला ‘आधार काय?’ असें विचारावयास शिकलों आहों. तोच प्रश्न येथें विचारूं.

या कथेचा जुना आधार म्हणून ज्याकडे बोट दाखवितां येतें, तो ग्रंथ जॉर्जो वाझारी यानें लिहिलेल्या कलावंतांच्या चरित्रांचा. तो प्रथम १५५० मध्यें निघाला, म्हणजे घुमट पुरा झाल्यावर शंभराहून अधिक वर्षांनीं. वाझारी सांगतो कीं, काम उंच चढलें तसा मजुरांचा चढण्या-उतरण्यांत फार वेळ जाऊं लागला, म्हणून ब्रुनेलेस्कीनें घुमटांतच खाणावळी थाटून तेथें मद्य विकण्याची सोय केली, आणि मग संध्याकाळपर्यंत कोणास खालीं उतरण्याचें कारण उरलें नाहीं. खाणावळ होती एवढेंच तो लिहितो. तींत काय शिजत होतें तें लिहीत नाहीं. महामंदिराच्या बांधकाम-कचेरीचीं १४१७ ते १४३६ या वर्षांचीं दप्तरें सुदैवानें टिकलीं असून आतां तीं प्रसिद्धही झालीं आहेत. तीं विटा, लांकूड, दोर आणि मजुरी यांच्या व्यवहारांचीं दप्तरें आहेत. मजुरांच्या भांड्यांतील रश्श्याची नोंद ठेवण्याचें त्या कचेरीस कारण नव्हतें. येथवर पाहतां आख्यायिकेची बाजू लंगडी पडते.

परंतु आमच्या मतें येथेंच थांबणें हा न्याय नव्हे. कागद नाहीं म्हणून घटना नाहीं असें म्हणूं लागलों, तर ज्यांच्याविषयीं कोणीं कागद लिहिलाच नाहीं त्या असंख्य माणसांना इतिहासांतून काढून टाकावें लागेल. अशा ठिकाणीं वस्तूलाच साक्षीस बोलवावें लागतें. पेपोसोच्या भांड्यांत मांस, मद्य आणि मिरीं अशा तीन वस्तु आहेत, आणि भांड्याखालीं अग्नि आहे. त्या चौघांची जबानी एकामागून एक घेऊं.

पहिली साक्ष मांसाची. फ्लॉरेन्सचा बखरकार जोव्हान्नी विल्लानी यानें १३३८ च्या सुमाराची शहराची खानेसुमारी दिली आहे. सुमारें नव्वद हजार वस्तीच्या त्या शहरांत वर्षाला साठ हजार मेंढरें, तीस हजार डुकरें आणि वीस हजार शेळ्याबोकड मारले जात. बैल आणि वासरें मिळून मात्र अवघीं चार हजार. एका बैलाचें मांस अनेक मेंढरांइतकें भरतें, हें लक्षांत घेऊनही मोठ्या जनावराचें मांस तेथें नित्याचें नव्हतें असेंच म्हणावें लागतें. याचें कारण आपल्या शेतकऱ्यास लगेच कळेल. बैल हें खाण्याचें जनावर नसून कष्टाचें होतें. टस्कनीच्या क्यानीना जातीचे पांढरेशुभ्र, धिप्पाड बैल विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत, यांत्रिक नांगर येईतों, तेथील टेंकड्यांवर नांगर ओढीत होते. आपण पोळ्याला बैलाच्या शिंगांना रंग देतों. इटलींतील शेतकरी १७ जानेवारीस, संत अंतोनियोच्या सणाला, आपल्या गुरांना धर्मगुरूकडून आशीर्वाद देववितो. भेद पुढें होता. नांगराच्या कामांतून गेलेला बैल तिकडे अखेर खाटकाकडे जाई. अशा बैलाची पोटरी म्हणजे आयुष्यभर चालून चालून लोखंडासारखा झालेला स्नायु. तो भाजून खातां येत नाहीं. त्याला मंदाग्नि, पुष्कळ द्रव आणि पुष्कळ वेळ हवा. तेव्हां हें मांस सांगतें तें असें : मी श्रीमंताच्या भाजणीचा तुकडा नव्हे, कष्टकरी जनावराचा, कमी मानाचा, पण रोज न मिळणारा तुकडा आहें.

दुसरी साक्ष मद्याची. तांबड्या मद्याची अख्खी बाटली भांड्यांत ओतणें आपल्याला उधळेपणाचें वाटेल. परंतु टस्कनींत द्राक्षमद्य हें चैनीचें पेय नव्हतें, जेवणाचाच तो एक भाग होता. वाझारीच्या खाणावळींतही मद्याचाच उल्लेख आहे, हें विसरतां कामा नये. मात्र आजच्या पाककृतींत क्यांती प्रांताच्या नामांकित मद्याचें नांव येतें, त्यावरून फसूं नये. क्यांतीच्या मद्याची सीमा १७१६ च्या राजाज्ञेनें आंखली गेली, आणि त्यांत कोणतीं द्राक्षें किती असावीं याचा नमुना बेत्तीनो रिकासोली यानें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत ठरविला. पंधराव्या शतकांतील मजुराच्या सुरईंत आसपासच्या मळ्यांतलें साधें मद्यच असणार. मद्याची साक्ष आख्यायिकेच्या विरुद्ध जात नाहीं, पण तिला विशेष बळकटीही देत नाहीं.

तिसरी साक्ष मिऱ्यांची, आणि ती सर्वांत अवघड. ब्रुनेलेस्कीच्या काळीं फ्लॉरेन्सला येणारें काळें मिरें मलबारच्या किनाऱ्यावरून निघून तांबड्या समुद्रानें मिसरांत जाई आणि आलेक्झांद्रियाहून व्हेनिसच्या व्यापाऱ्यांच्या गलबतांत चढे. बार्दी पेढीचा गुमास्ता पेगोलोत्ती यानें १३४० च्या सुमारास व्यापाऱ्यांसाठीं जें टिपणपुस्तक तयार केलें, त्यांतील मसाल्यांच्या मालांत मिरीं आहेतच. त्या काळीं मिरें सोन्याच्या मोलानें विकलें जाई ही समजूत अतिशयोक्तीची आहे. पंधराव्या शतकापर्यंत तें मध्यम स्थितीच्या घरांत पोंचलें होतें. कुजक्या मांसाची दुर्गंधि झांकण्यासाठीं मिरीं घालीत हें विधानही असेंच पोकळ आहे. ज्याला दूरदेशचें मिरें विकत घेतां येई, त्याला शेजारच्या खाटकाचें ताजें मांस घेणें जड नव्हतें. आणि नासलेलें मांस मिऱ्यांनीं सुधारत नाहीं. असें असलें तरी तीन समुद्र ओलांडून आलेली वस्तु मूठमूठ घालणें रोजंदारीच्या मजुराला नेहमीं परवडत असेल, असें आम्हांस वाटत नाहीं. लसूण दाराशीं होता; मिरें नव्हतें. येथें साक्षीदार अडखळतो.

या मिऱ्यांच्या वाटेवरच आपली आणि फ्लॉरेन्सची प्रत्यक्ष गांठ पडते. पोर्तुगिजांनीं १४९८ मध्यें समुद्रमार्ग शोधल्यानंतर मिऱ्यांच्या खरेदीसाठीं आलेल्या युरोपियनांत फिलिप्पो सास्सेत्ती हा फ्लॉरेन्सचा एक विद्वान व्यापारी होता. १५८३ मध्यें तो कोचीनला उतरला, आणि १५८८ मध्यें गोव्यास मरण पावला. मिऱ्यांचा हिशेब ठेवतां ठेवतां त्यानें मायदेशीं जीं पत्रें धाडलीं, त्यांत संस्कृत आणि इटालियन भाषांतील सहा, सात, आठ, नऊ हे आंकडे व देव, सर्प असे शब्द एकमेकांशीं जुळतात असें लिहून ठेवलें. भाषाशास्त्रज्ञांनीं या नात्याचा रीतसर विचार केला तो पुढें दोनशें वर्षांनीं. मिऱ्यांच्या गोणीबरोबर असा ऐवजही फ्लॉरेन्सला गेला, हें आमच्या वाचकांस ठाऊक असावें म्हणून ही थोडी आडवाट.

त्याच गोव्यांत मद्य आणि लसूण यांत मांस मुरविण्याची पोर्तुगीज रीत आली, आणि तिचें काय झालें तें पाहण्यासारखें आहे. द्राक्षमद्याच्या जागीं माडाच्या ताडीचा शिरका आला, अमेरिकेहून आलेली मिरची शिरली, आणि ‘विन्ह’ व ‘आल्हो’ म्हणजे मद्य व लसूण हे मूळ शब्द विंदालू या नांवांत असे मिसळले कीं, पुढें परदेशांत कित्येकांना त्यांत ‘आलू’ म्हणजे बटाटा आहे असें वाटूं लागलें. पदार्थ प्रवास करतो तेव्हां साहित्य बदलतें आणि नांवाचा अर्थ हरवतो. पेपोसोचें तसें झालें नाहीं. आज पुष्कळजण त्यांत टोमॅटो घालतात, पण जुनी कृति टोमॅटोवांचूनच सांगतात. टोमॅटो अमेरिकेचा. फ्लॉरेन्सचा ड्यूक कोझिमो दे मेदिची याच्याकडे टोमॅटोंची करंडी पोंचल्याची नोंद १५४८ ची आहे; आणि टोमॅटोच्या सॉसची इटलींतील जुनी छापील कृति आंतोनियो लातीनीच्या ग्रंथांत १६९२ मध्यें, तीही ‘स्पॅनिश पद्धतीची’ म्हणून, सांपडते. ज्या कृतींत टोमॅटो अवश्य नाहीं, तिची ठेवण त्याच्या प्रसारापूर्वींची असूं शकते, एवढेंच यावरून म्हणतां येईल.

चौथी साक्ष अग्नीची, आणि तीच आम्हांस निर्णायक वाटते. आपल्याकडे कुंभाराचा आवा लागला म्हणजे कुंभार त्याच्यापासून हलत नाहीं, हें आपण पाहतों. इम्प्रुनेताची भट्टीही दिवसरात्र राखावी लागे. तेथें बसलेल्या माणसाजवळ तीन गोष्टी आयत्या होत्या : स्वतः घडविलेलें मातीचें भांडें, पैसे न पडणारी ऊब, आणि सक्तीचा मोकळा वेळ. पेपोसोला नेमक्या याच तीन गोष्टी लागतात. घरच्या चुलीवर चार-पांच तास सरपण जाळून निबर मांस शिजविणें गरिबाला परवडलें नसतें. भट्टीच्या तोंडाशीं तें फुकट शिजे. कोणी बुद्धिमान पाकशास्त्र्यानें ही कृति रचली नाहीं. कामाच्या जागेनेंच ती घडविली.

याच कुळांतील दुसऱ्या एका पदार्थाशीं तुलना केली म्हणजे हा मुद्दा अधिक स्पष्ट होईल. उत्तरेकडील पिएमाँत प्रांतांत बारोलो नांवाच्या उंची मद्यांत बैलाचें मांस सावकाश शिजवितात. त्याला ‘ब्राझातो’ म्हणतात. निखाऱ्यांवर भांडें ठेवून शिजविण्याच्या रीतीवरून तें नांव पडलें. परंतु आज ज्याला बारोलो म्हणतात तें मद्य एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास, मोठ्या जमीनदारांच्या तळघरांत, आकारास आलें. तेव्हां तो पदार्थ कितीही पुरातन भासला तरी त्याचें आजचें रूप सुखवस्तु घरांतलेंच आहे. त्याच शतकांत खेड्यांतली स्थिति कशी होती? राज्य एक झाल्यावर १८७७ मध्यें सुरू झालेल्या आणि स्तेफानो याचीनीच्या अध्यक्षतेखालीं चाललेल्या शेतकी चौकशींत दिसून आलें कीं, शेतकऱ्याच्या ताटांत मांस सणासुदीलाच पडे, आणि उत्तरेंत केवळ मक्याच्या घाट्यावर जगणाऱ्यांना पेलाग्रा नांवाचा भयंकर रोग जडे. टस्कनींत शेती अर्धेलीची होती. अर्धें पीक जमीनदाराचें. १८९१ मध्यें पेल्लेग्रीनो आर्तुसी यानें फ्लॉरेन्सला स्वखर्चानें छापलेला पाकशास्त्राचा ग्रंथ नव्या इटलींतील मध्यम वर्गाच्या घरोघरीं पोंचला, आणि आरंभींच्या ४७५ कृतींचा तो संग्रह १९११ पर्यंत ७९० वर गेला. ‘इटालियन स्वयंपाक’ म्हणून जग ज्याला ओळखतें, त्यावर या वर्गाचा ठसा आहे. गरिबांच्या भांड्याला त्या पंक्तीत जागा मिळावयाची तर त्यावर एखाद्या थोर पुरुषाच्या नांवाचें झांकण असलेलें बरें.

आमच्या मतें ब्रुनेलेस्कीचें नांव या रश्श्याला जोडलें जाण्याचें मर्म येथें आहे. तो रस्सा त्याच्या आज्ञेनें घुमटावर गेला हें सिद्ध होत नाहीं, आणि मिऱ्यांचा आजचा सढळ हात तर नंतरच्या बऱ्या दिवसांतलाच असावा. परंतु तो भट्टीवाल्यांच्या कामांतून जन्मला हें मात्र वस्तूच्या साक्षीनें बहुतांशीं संभवनीय ठरतें. आख्यायिकेचा पाया खरा आहे. कळस मागाहून चढविलेला आहे.

वाझारीनें सांगितलेली आणखी एक हकीकत या ठिकाणीं आठवते. घुमटावरचे गवंडी एकदां वेतन वाढवून मागूं लागले. ब्रुनेलेस्कीनें सर्वांस काढून टाकलें आणि लोंबार्दीहून आलेल्या दहा माणसांस काम शिकवून त्यांच्याकडून तें चालू ठेवलें. शेवटीं जुने गवंडी विनवण्या करीत आले, तेव्हां त्यानें त्यांना पहिल्याहून कमी वेतनावर परत घेतलें. ही हकीकत आणि रश्श्याची कथा शेजारीं शेजारीं ठेवून पाहावी. पहिलींत मालकाचें चातुर्य आहे, दुसरींत मालकाची माया. परंतु घुमटांतील खाणावळ ही मुळांत वेळेच्या काटकसरीची युक्ति होती. तीच लोकांच्या आठवणींत मायेची कथा बनली. ज्यांना वेतन कमी मिळालें, त्यांच्या वारसांनीं निदान गरम जेवण तरी पदरांत पाडून घेतलें, असें कोणी म्हटल्यास त्याला आम्ही चूक म्हणणार नाहीं.

ब्रुनेलेस्की १४४६ मध्यें वारला. त्याला त्या महामंदिरांतच पुरलें, आणि विस्मृतींत गेलेली त्याची कबर १९७२ मध्यें खणतांना सांपडली. भट्टीवाल्यांना तसें थडगें नाहीं. पण या पदार्थाचें पूर्ण नांव पाहावें. त्याला ‘पेपोसो आल्ला फोर्नाचीना’ म्हणतात. म्हणजे भट्टीवाल्यांच्या रीतीचा पेपोसो. आख्यायिकेंत ब्रुनेलेस्की आला, पण नांवांत तो शिरला नाहीं. लोकांनीं कथा राजमान्य पुरुषाला दिली आणि नांव मात्र ज्याचें त्याला ठेवलें. अस्सल कागदाचा आग्रह धरणाऱ्या आमच्यासारख्यांनीं या पांच-सहा अक्षरांकडेही एक जुना कागद म्हणून पाहावयास हरकत नाहीं.